घोडमाळावरचा चुना

२ जानेवारी १९९४, रविवार

गेल्या माघी पौर्णिमेला खंडोबाच्या यात्रेत, घोड्यांच्या शर्यतीत, आमच्या गावची दगडाबाई घोड्याखाली सापडून मेली. तक्रार करायला गावात कोणी धजेना, म्हणून मी केली. त्याचं फळ असं की जिल्हा कचेरीने यंदाच्या शर्यतीची देखरेख माझ्याच गळ्यात घातली आहे. हुकूम स्पष्ट आहे. यंदा एकाही माणसाला इजा झाली तर शर्यत कायमची बंद, आणि जबाबदारी देखरेख करणाराची. मी घोड्यांना भिते. लहानपणापासून भिते. पूर्णेच्या शाळेत हेडमास्तरीण म्हणून अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला हे चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून इथे लिहायला घेतलं.

सरकारने घोडमाळाच्या दुरुस्तीला मंजुरी दिली आहे. धावपट्टी सपाट करायची, दोन्ही अंगांनी लाकडी कठडा घालायचा, आणि शेवटच्या टोकाशी, उत्तरेच्या बाजूला, बायांना बसायला छताच्या पायऱ्या बांधायच्या. सगळे त्याला गॅलरी म्हणतात. काम मानवतच्या दत्तरावांना मिळालं आहे.

९ जानेवारी

आबासाहेब आले होते. गावातली दोन नावाजलेली घोडी त्यांची. आजवर शर्यतीचा झेंडा त्यांच्याच हाती असायचा.

"बाई, तुमी हैदराबादला बीए झालात, आमी मानतो. पण घोड्याचं पुस्तकात न्हाई ना सापडत."

"मग दगडाबाईचं मरण कशात सापडतं?"

"ती दोरीच्या आत आली. समद्या खलकतीनं बघितलं." उठता उठता म्हणाले, "यंदा काई झालं तर सही तुमची हाय. येवढं ध्यानात असू द्या म्हंजे झालं."

चहा तसाच ठेवून गेले. कप विसळताना केवळाबाई एकदम बोलली. ही दगडाबाईची लेक, माझ्याकडे भांडी-पाण्याला येते. आईविषयी वर्षभरात अवाक्षर काढलं नव्हतं.

"झूट हाय बाई. माझी आई दोरीच्या भाईर हुती. ऊन लागायलं म्हनून बापाचं धुतलेलं धोतर डोक्यावर घेऊन गुमान उभी हुती. घोडंच दोरी तोडून आलं."

"घोडं असं का येईल?"

"ते घोड्याला इचारा."

१५ जानेवारी

काल विद्यापीठाच्या नावाचा निर्णय रेडिओवर झाला. आज ताडकळसची बस आली नाही, दुकानं अर्धी उघडी. दत्तरावांचा सिमेंटचा ट्रक वाटेतच अडकला. नामांतराच्या पहिल्या वेळेस या जिल्ह्यात काय झालं ते मी विसरलेली नाही, त्यामुळे दिवसभर कान रस्त्याकडे होते. काही घडलं नाही.

गॅलरीत सगळ्या वाड्यांच्या बाया एकत्र बसतील, हे मी कचेरीला कळवून ठेवलं आहे. आबासाहेबांचा निरोप आला, "यंदाच्या साली तरी हे नगं." मी उलट निरोप धाडला की पायऱ्या सरकारच्या आहेत. धाडला खरा. मग आतून कडी लावून बसले.

२३ जानेवारी

गॅलरीवर स्लॅब पडला. बाया लांबूनच बघतात. किल्लारीच्या भूकंपापासून डोक्यावर दगड-सिमेंट म्हटलं की इथल्या माणसाचा श्वास अडकतो. त्या पहाटे आमच्याही फळीवरची भांडी वाजली होती. मी अजून अंगणातच खाट टाकते.

सरजाबाईने तोंडावर सांगितलं, "बाई, घोड्याखाली मेलेलं परवडंल. छताखाली न्हाई मरायचं."

दत्तराव माणूस गोड बोलतो. गोड बोलणाऱ्या ठेकेदाराचं सिमेंट पातळ असतं असा माझा अनुभव आहे. एका खांबाला केसाएवढी चीर दिसली. तो म्हणतो प्लास्टरची आहे. मला रात्रंदिवस ती चीर दिसते. पायऱ्यांवर सगळ्या गावच्या बाया, आणि वरून ते सगळं खाली येतंय.

३० जानेवारी

आज जुना ओटा पाडला. नकाशात त्याला जागा नाही. धावपट्टीच्या टोकाला मधोमध असा दगडी ओटा ठेवणं धोक्याचंच. शर्यत तिथे संपायची. दर चंपाषष्ठीला त्याला चुना द्यायचे, आणि पळून आलेल्या प्रत्येक घोड्याला, जिंकलेल्या-हरलेल्या, तिथे गूळ आणि भिजले हरभरे मिळायचे. शिंगरू पाय धरू लागलं की आईबरोबर आधी ओट्यावर आणून गूळ चाटवायचा, अशी इथली रीत.

येडबा पाडकाम बघत उभा होता. मेंढरांवाल्या धनगरांपैकी. त्याची काळी घोडी पाठीवर बिऱ्हाड वाहते आणि यात्रेत आबासाहेबांच्या घोड्यांना हरवते, म्हणून तिचं फार नाव.

"ओटा न्हाई तर घोडं कुठं थांबंल, बाई?"

"लगाम कशासाठी असतो?"

"आमचं घोडं लगामावर न्हाई पळत. ओट्यावर पळतंय. जागा वळखतंय ते."

"मग चुन्याची रेघ मारून देऊ जमिनीवर. ती ओळखेल."

तो हसला नाही. बांधकामामुळे सध्या घोडी नदीकाठच्या वाळूत फिरवतात, हे बरं आहे. मला माळावर निर्धास्त जाता येतं.

६ फेब्रुवारी

निर्धास्त कसली! आज येडबाची घोडी दावं तोडून सरळ माझ्या अंगावर आली. माळावर दत्तराव होते, दोन गवंडी होते, आबासाहेबांचा गडी होता. त्या सगळ्यांना सोडून माझ्याकडेच. मी खांबाच्या आड झाले. तिने माझ्या पदराला तोंड लावलं आणि ओढायला लागली. खळ घालून कडक केलेलं पातळ चर्रकन फाटलं.  आवाज चढवून येडबाला झापलं.

केवळाबाईला घरी सांगितलं तर तोंडाला पदर लावून हसते. "बाई, तिचा जीव जडला तुमच्यावर."

मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. घोडी दाव्याला पक्की असते, आपोआप सुटत नाही. आबासाहेबांचा गडी दावणीजवळ काय करत होता?

११ फेब्रुवारी

मी दत्तरावांना सांगितलं, तुमच्या स्लॅबवर ज्वारीची पोती रचा. जितकी माणसं बसतील त्याच्या दुप्पट वजनाची. पोती रचेपर्यंत मी खाली पहिल्या पायरीवर बसते.

"बाई, उगा जिवाशी खेळ..."

"तुमचा विश्वास नाही का कामावर?"

त्यांनी पोती रचली. मी खाली बसले. वर एकेक पोतं आदळलं की पायऱ्यांतून अंगात थरथर यायची. डोळे मिटले तर गाव बघत होतं, म्हणून मिटले नाहीत. शेवटी दत्तरावही माझ्याशेजारी येऊन बसले. घामाने डबडबलेले. पण काही झालं नाही. चीर तेवढीच राहिली. या माणसावर मी उगाच संशय घेतला.

आता भीतीचं कारण उरलं नाही. यात्रेच्या दिवशी पाहणीला व्यंकटराव, आमचे नायब तहसीलदार, येणार आहेत. सिमेंटचा तो भुरका रंग फार उदास दिसतो, बायांनाही त्याचीच धास्ती. दत्तरावांना सांगितलं, समोरून, बाजूने, पायऱ्यांसकट सगळीकडे चुना द्या. दोन हात द्या. कुठे डाग दिसता कामा नये.

१७ फेब्रुवारी

पुन्हा तेच. या वेळी आबासाहेबांचा तांबडा घोडा. तो नदीवरून परत येत होता, मी रस्त्याच्या कडेला उभी होते, तर स्वाराला न जुमानता माझ्याकडे वळला. स्वाराने कसाबसा ओढला. माझ्या तोंडावर त्याचा श्वास आला. गवताचा वास होता.

आता शंका उरली नाही. घोडी माझ्यावर शिकवून सोडलेली आहेत. मी घाबरून राजीनामा द्यावा आणि झेंडा परत आबासाहेबांकडे जावा. कचेरीत जाऊन सांगावं तर लोक हसतील. घोडी म्हाताऱ्या हेडमास्तरणीचा माग काढतात म्हणे!

घराबाहेर पडताना हल्ली हातात काठी असते.

२१ फेब्रुवारी

चुना झाला. गॅलरी अशी लख्ख दिसते की ताडकळसच्या रस्त्यावरूनही नजरेत भरते. बाया आपणहून बघायला आल्या. चतुराबाई बौद्धवाड्यातून आली, पायरीला हात लावून बोटं बघितली आणि म्हणाली, "आमच्या बसन्याच्या जागेला येवढा चुना कवा बी न्हवता लागला."

मला बरं वाटलं. पण संध्याकाळी पाहते तर येडबाची घोडी गॅलरीच्या भिंतीला नाक लावून उभी. भिंत चाटत होती. ओला डाग पाडून ठेवला होता. मी लांबूनच काठी आपटली. ती हलली नाही, मान वळवून नुसती बघत राहिली, जणू कोणाची वाट बघते आहे. येडबाला बोलावून सांगितलं, यात्रेपर्यंत घोडी माळावर दिसली तर शर्यतीतून काढीन. भिंत त्याच्याकडूनच पुन्हा रंगवून घेतली. उरलेला चुना त्यातच संपला.

केवळाबाईला म्हटलं, तू पहिल्या पायरीवर बसायचंस. दगडाबाईची लेक समोर बसलेली दिसली की बाकीच्यांची भीती जाईल.

"मला न्हाई यायचं बाई तिकडं."

"मी सांगते म्हणून यायचं."

तिने मान खाली घातली. तिला पाचवा महिना आहे. मी स्वतः शेजारी बसणार आहे, मग काय होणार आहे?

२४ फेब्रुवारी, गुरुवार

नीट, क्रमाने लिहिते.

कालपासून अंगात कसर आहे. आज दुपारी माळावर निघाले तेव्हा थंडी वाजत होती, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत काळं घोंगडं लपेटलं. यात्रेची माणसं उतरायला लागली आहेत, पालं पडली आहेत. येडबा घोडीला पाण्यावर नेत होता. माझ्या अगदी जवळून गेली. मी काठी घट्ट धरली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पुढे गेली, कान टवकारले, आणि येडबाला ओढत गॅलरीकडे निघाली.

मी तशीच उभी राहिले. ती पायऱ्यांना नाक लावून पुन्हा चाटायला लागली. वर बघितलं, खाली बघितलं. गूळ शोधत होती.

मी घोंगडं काढलं. आतलं पातळ उन्हात उघडं पडलं तशी ती वळली. माझ्याकडे यायला लागली. मी घोंगडं पुन्हा पांघरलं. ती थांबली, आणि परत गॅलरीकडे गेली. मी पुन्हा काढलं. पुन्हा वळली. येडबा तोंड उघडं टाकून बघत होता.

"बाई, ही तर..." आणि खालीच बसला. "आमाला वाटायचं जागा वळखतंय."

जागा नव्हे. पांढरं. नवरा गेल्यापासून मी नीळ-खळ घातलेली पांढरी पातळं नेसते. पुरुषांची धोतरं रोज काळ्या मातीच्या रंगाची, आणि यात्रेच्या दिवशी भंडाऱ्याने पिवळी झालेली. अख्ख्या माळावर लख्ख पांढरा एक ओटा असायचा. तो मी पाडला. आणि तेवढाच लख्ख चुना बायांच्या पायऱ्यांना दिला. दोन हात.

कठडा पायऱ्यांच्या अलीकडेच संपतो. उद्या दहा घोडी सुसाट येतील, ती सरळ तिथे. पहिल्या पायरीवर केवळाबाई.

तशीच आबासाहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "बाई, तुमाला ताप हाय. चुन्याला भुलायला घोडं काय नवीन नवरी हाय?"

"शर्यत थांबवते मी."

हसणं थांबलं. "थांबवा. झेंडा तुमचा हाय. भाईर खलकत बघा किती उतरली. त्यात ही साल असली. येक दगड पडला की दुसरा कुन्या वाड्यात पडतोय ते तुमी बघा."

हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं की भीती म्हणून, मला कळलं नाही. पण ते खोटं नव्हतं.

नवा ओटा उद्यापर्यंत होणार नाही. चुना खरवडून निघत नाही, दत्तरावांनी काम चोख केलं आहे. नेमकं चोख.

२५ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा

झुंजुमुंजू झाल्यावर केवळाबाईच्या दारात गेले.  म्हटलं, "केवळे, मला शेण पाहिजे. गावातलं सगळं. आणि बाया."

सगळं सांगितलं. तिने ऐकलं, आणि घरात गेली. मला वाटलं दार लावणार. ती पाटी घेऊन बाहेर आली.

शेण आणि काळी माती कालवून आम्ही गॅलरी सारवली. सरजाबाई म्हणाली, "येवढी पोती रचून बघितली, आता शेन बी रचा!" तरी सगळ्यांच्या आधी तिनेच हात घातला. चतुराबाई आपल्या वाड्यातल्या बाया घेऊन आली. "सरकारनं रंगविलं, आमी सारवायलो. दुपारून रांगोळी काढा म्हनतील." एकाच घमेल्यात सगळ्यांचे हात होते. अशा दिवसांत असं होईल हे मी कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मी कोपरापर्यंत शेणात. वर्गातल्या पोरींची नखं तपासणारी मी.

मग ओट्याची जागा. धावपट्टीच्या टोकाला मधोमध बाजा उभ्या केल्या, त्यांवर माझी पातळं ताणून बांधली, सगळी. पुढे गुळाची पाटी. मागे मोकळं रान. मापाला थोडं कमी पडत होतं. केवळाबाई घरी जाऊन एक धोतर घेऊन आली. धुऊन, घडी घालून ठेवलेलं. एका कडेला रफू केलेलं.

"आईच्या डोक्यावर हेच हुतं," म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने बांधलं.

मी तिच्याकडे बघू शकले नाही.

नेसायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तिचं हिरवं लुगडं नेसून गेले. व्यंकटराव जीपमधून उतरले. आधी गॅलरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेणापेक्षा लुगड्यानेच त्यांना जास्त धक्का बसलेला दिसला.

"बाई, शासनाच्या इमारतीला शेण? कोणाच्या परवानगीनं?"

"माझ्या."

"मी वर काय सांगू?"

"शर्यत होऊ द्या. मग जे सांगायचं ते सांगा."

झेंडा दुसऱ्या टोकाला येडबाच्या भावाकडे दिला आणि मी पहिल्या पायरीवर केवळाबाईशेजारी बसले. मी तिला म्हटलं होतं, तू मागे बस. नाही म्हणाली. "त्या दिशी बस म्हनलात तवा बसायचं न्हवतं. आज बसते."

झेंडा पडला. आधी फक्त धूळ दिसली. मग जमीन पायाखाली हलायला लागली, त्या पहाटेसारखीच. मागे कोणीतरी "छत, छत!" म्हणून ओरडलं. कोणी हललं नाही. घोडी मोठी होत गेली. मधेच आबासाहेबांचा तांबडा आमच्या बाजूला झुकला. पायऱ्यांखालच्या एका कोपऱ्यात, चुकून, तळहाताएवढा चुना उघडा राहिला होता. मला तो तेव्हाच दिसला. केवळाबाईने माझं मनगट धरलं. मी खाली वाकले आणि हिरव्या पदराने तो झाकला. डोकं वर काढायची हिंमत झाली नाही. खुरांचा आवाज कानात शिरला, अंगावर ढेकळं उडाली, आणि आवाज पुढे गेला.

वर बघितलं तेव्हा दहाच्या दहा घोडी पातळांच्या पुढे उभी होती. माना गुळाच्या पाटीत. भंडारा उधळला जात होता. काळी घोडी पहिली आली होती. येडबा तिच्या गळ्याला मिठी मारून रडत होता, आणि तिचं लक्ष गुळात.

केवळाबाईने मनगट सोडलं नव्हतं. बोटांचे वळ अजून आहेत.

आबासाहेब भंडाऱ्याने माखलेले, माझ्यासमोरून गेले. थांबले. गॅलरीच्या कोपऱ्याकडे बघितलं, माझ्या पदराकडे बघितलं. मग तांबड्याकडे निघाले.

२६ फेब्रुवारी

सरकारी इमारत विद्रूप केली म्हणून देखरेखीचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. पुढची व्यवस्था होईपर्यंत ते आबासाहेबांकडे. व्यंकटराव मघाशी येऊन सगळं घेऊन गेले. झेंडा दिला. शिट्टी दिली. गॅलरीच्या दाराची किल्ली दिली. त्यांनी शेण धुऊन काढायचा खर्च विचारला. मी सांगितलं, पाण्याने निघतं, पण पुढच्या माघापर्यंत काढू नका, आणि ओटा होता तिथेच बांधा. हे लिहूनही दिलं. इजा : कोणाला नाही, हे त्यांनी माझ्यासमोर लिहिलं आणि मी सही केली.

आबासाहेब अंगणात उभे होते, जीपपाशी. जाता जाता मागे वळून म्हणाले, "बाई, ओट्याला यंदा चुना कवा द्यायचा?"

"चंपाषष्ठीला. नेहमीसारखा."

"आन् बायाच्या पायऱ्याला?"

"कधीच नाही."

मान हलवून जीपमध्ये बसले.

माझी पातळं बाजांवरून काढून आणली. त्यांतली दोन घोड्यांनी चावून फाडली आहेत, बाकीची नेसता येतील. धोतर मी स्वतः धुतलं, वाळवलं, घडी घातली, आणि केवळाबाईच्या हाती दिलं.